चोरीची फांदी

फुएन्सांतानं गच्चीवरची कुंडी खाली आणली आणि अंगणात विहिरीशेजारच्या खिळ्याला अडकवली, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी. बाकीच्या दोनशे कुंड्या वर, भिंतीभर. त्यांना पाणी घालायचं तर लांब काठीला बांधलेला डबा लागतो. ही एकच खाली. टेबलावर तिनं कात्री ठेवली आणि शेजारी ओल्या वर्तमानपत्राचा तुकडा. एवढं केल्यावर आंधळ्यालाही समजेल, असं स्वतःशीच पुटपुटली.

पांढऱ्या पाकळीवर वाइनच्या रंगाची एकच रेघ असलेलं हे लोंबतं जिरेनियम अख्ख्या कोर्दोबा शहरात दोनच घरी होतं. एक शेजारच्या आरासेलीकडे, तिच्या मुलीनं, रेमेनं लावलेलं. दुसरं हे, फुएन्सांताच्या गच्चीवर, कपड्यांच्या दोरीमागे अकरा वर्षं दडवलेलं. मे महिन्यात अंगणांची स्पर्धा लागते, माणसं रांगा लावून फुलं बघायला येतात, तेव्हासुद्धा तिनं ते कधी खाली आणलं नव्हतं.

आता फांदी चोरणं हे आमच्याकडे पाप नाही. मागून आणलेली फांदी मरते आणि चोरून आणलेली धरते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पाहुणीची पर्स जाताना जरा फुगलेली दिसली तर घरधनीण तोंड फिरवते आणि गालात हसते. फुएन्सांताची निम्मी बाग अशीच जमलेली. पण ही फांदी तिनं मोडली ती रेमेच्या मयताला गेली होती तेव्हा. आत बायका रडत होत्या, ही पाणी प्यायला अंगणात आली, फूल दिसलं आणि हात आपोआप गेला. सवय, दुसरं काय! फांदी काळ्या बाहीत सारून ती परत आत गेली आणि तिनं आरासेलीला मिठी मारली. ती मिठी तिला अजून धड झोपू देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आरासेलीचं रोप अळीनं पोखरलं. तिनं सगळ्या रोपवाटिका पालथ्या घातल्या, तसं फूल कुठंच मिळालं नाही. परवाच्या रविवारी आळीतली सगळी मंडळी डोंगरात गेली होती, नेहमीसारखी मोठ्या कढईत भात शिजवायला. पुरुष चमचा कुणी धरायचा यावरून भांडत होते, पत्ते रंगले होते. आरासेली मात्र ताटाला हात न लावता म्हणाली, पोरीचं तेवढंच उरलं होतं. फुएन्सांतानंही आपलं ताट बाजूला सारलं.

म्हणून हा सगळा घाट. आरासेलीला दुपारी जेवायला बोलवायचं, आपण आत जायचं, तिनं फांदी चोरायची. चोरी चोरीनं फिटेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

आरासेली आली, बसली. अंडी सोलायची राहिलीत, आलेच, असं म्हणून फुएन्सांता आत पळाली. साल्मोरेखो कधीच तयार होतं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि तेल सकाळीच घोटून गार करत ठेवलं होतं. वर घालायची दोन अंडी सोलायला तिनं इतका वेळ लावला की तेवढ्यात कोंबडीनं आणखी दोन घातली असती. मग हॅमचे तुकडे केले. मग त्या तुकड्यांचे तुकडे. कान सगळा अंगणात. कात्रीचा आवाज काही येईना.

वाट्या घेऊन ती बाहेर आली तर कात्री जागच्या जागी होती. आरासेली कुंडीकडे बघत बसली होती.

बाजारातून आणलीस का, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं फुएन्सांताला वाटलं, हिला सगळं दिसतंय. "नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडून चोरली."

आरासेलीनं मान हलवली. त्यात काय एवढं, म्हणाली, तुझा अर्धा मोगरा माझ्या भिंतीवर आहे, कधी विचारलंस का? मग तिनं पुन्हा फुलाकडे पाहिलं.

"पण कधी गं?"

कुठलाही वसंत सांगता आला असता. फुएन्सांतानं वाट्या खाली ठेवल्या.

"रेमेला न्यायच्या आधी. तुम्ही सगळ्या आत होतात." तिचा आवाज चिरकला. "मला लाज वाटते, आरासेली. अकरा वर्षं वाटते आहे."

आरासेलीनं हात लांबवून एका फुलाला बोट लावलं. उठून थाडकन कानफटात मारली असती तर बरं झालं असतं, असं फुएन्सांताला वाटलं.

"जायच्या आदल्या संध्याकाळी तिनंच पाणी घातलं होतं," आरासेली शेवटी म्हणाली. "तिच्या हातचं शेवटचं."

फुएन्सांतानं झटक्यात कुंडी खिळ्यावरून काढली. अख्खी घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, असं काहीबाही बोलत ती पुढं करत राहिली. आरासेलीनं ती तिच्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. नको म्हणाली. इथलं ऊन हिला मानवलंय, इथंच राहू दे. फक्त आजपासून हिला पाणी घालायला मी येत जाईन.

"रोज?" फुएन्सांतानं विचारलं.

आरासेलीनं विहिरीवरचा डबा उचलला.

"ती रोज घालायची."