पाचवी खाट

दारावर थाप पडली तेव्हा सुतार चहाचा पहिला घोट घेत होता. खोलीतल्या माणसांची खूण ठरलेली होती, दोन टिचक्या. ही थाप परक्याची होती.

काका काही न बोलता उठले, मागच्या गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या चादरीआड पालथ्या बादलीवर जाऊन बसले. म्हातारपणी लपंडाव खेळायची आता त्यांना सवय झाली होती.

सुताराने दार किलकिलं केलं. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, चकचकीत बूट. परवाना खात्याचा तपासनीस, सुतार समजला.

परक्या देशाचा नियम साधा होता. एका खोलीत परदेशी कामगार चारच. इथे पाच राहत होते, तिघे आत्ता कामावर होते, आणि खोली सुताराच्या नावावर होती. सापडलं तर त्याचाच परवाना रद्द होऊन तो मिळेल त्या विमानाने घरी जाणार होता. घरी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची फी त्याच्या रंध्यातून निघत होती. पण वर्षात दोनदा भाडं वाढलं, ते चौघांत भागेना. शिवाय पाचवे होते काका. नात्याचे कुणी नव्हते, कसलेले वेल्डर होते. वयाची अट ओलांडली म्हणून कंपनीने त्यांची मुदत वाढवली नाही. सुतार नवखा आला होता तेव्हा याच माणसाने त्याला आपली खाट दिली होती आणि स्वतः जमिनीवर झोपले होते. अशा माणसाला 'निघा' म्हणायला जीभ कशी रेटणार?

"सुतार तुम्हीच ना?" गृहस्थाने विचारलं, तेही आपल्याच भाषेत.

सुताराला आणखीच धडकी भरली. आपली माणसं पकडायला खात्यात हल्ली आपल्याच भाषेची माणसं ठेवतात, असं साइटवर बोलत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो मनात म्हणाला.

"मी जरा..."

"या ना साहेब, या. काय बघायचं ते बघून घ्या."

गृहस्थ जरासा गोंधळला, मग त्याने बूट दारातच काढले. "बरं. आधी बघतो, मग बोलू."

त्याने सगळं बारकाईने बघितलं. गादी दाबली. नळ सोडला, बंद केला.

"सकाळी पाणी असतं?"

"असतं साहेब."

"रात्री दिवे लवकर बंद करता का?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा करू."

मग त्याने खिशातून टेप काढली आणि खिडकीखालची भिंत मोजायला घेतली. माणशी किती जागा पडते ते मोजून दंड लावतात, हेही सुताराने ऐकलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांची मापं घेणाऱ्या त्याला आज पहिल्यांदाच टेपचं भय वाटलं. गृहस्थाच्या बाहीला पांढरा दोरा चिकटला होता. तो काढून द्यावा म्हणून सुताराने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"खाटा पाच दिसतायत."

"पाचवी सामानाची हो. माणसं चारच."

"म्हणजे तिच्यावर कुणी नाही?"

"कुणी नाही."

"मग बरंय," गृहस्थ म्हणाला. सुताराला हायसं वाटतंय तोवर त्याने गॅलरीच्या दाराला हात घातला. "इकडून वारा येतो का?"

दार उघडलं, चादर हलली. बादलीवरून काका उठून उभे राहिले.

"अरे, हे तर..." काकांनी तोंड उघडलं.

"साहेब, मी या माणसाला ओळखत नाही." सुताराच्या तोंडून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर थांबेना. "शेजारच्या गॅलरीतून शिरला असेल. कुणी भुरटा असेल. ए, चल, नीघ इथून."

काकांनी सुताराकडे बघितलं. मग गृहस्थाकडे. उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं.

"अहो, पण..." गृहस्थ काही म्हणणार, तेवढ्यात काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. पाचव्या खाटेखालून आपली बॅग ओढली. ती भरून, चेन लावून, वरून दोरी बांधून तयार होती. ओळख नसलेल्या माणसाची बॅग खाटेखाली कशी, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. सुताराला मात्र सकाळचं आठवलं. "संध्याकाळी जरा बस रे, तुला एक सांगायचंय," काका म्हणाले होते. हातउसने मागतील म्हणून त्याने "बघू" म्हणून टाळलं होतं.

काकांनी चपला घातल्या. "चहा गार होतोय तुझा," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

सुताराला लाज वाटली. पण लाजेच्या आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्याला जास्त टोचलं. त्याने ओठ ओले केले.

"आता चारच आहेत साहेब. अगदी नियमात."

गृहस्थ अजून जिन्याकडेच बघत होता. टेपची गुंडाळी त्याच्या हातात तशीच राहिली होती.

"मला कसलं साहेब म्हणताय? शिंपी आहे मी. खिडकीखाली माझं मशीन मावतंय का ते बघत होतो. भाडं वाढलं, मालकाने बाहेर काढलं, तेव्हा बागेत हे काका भेटले. म्हणाले, परवा मी घरी चाललोय, माझ्यामागे सुताराला भाडं जड जाईल, तू माझ्या खाटेवर ये."

सुताराने पाचव्या खाटेकडे बघितलं.

"मी म्हटलं, अनोळखी माणसाला तो घेईल का? तर म्हणाले, जा बिनधास्त. माझा पोरगाच आहे तो, दारी आलेल्याला बाहेर काढायचा नाही."