एका मिनिटाचं काम

"आत्ता सुरू करून देऊ का, सर? एका मिनिटाचं काम आहे," फोनवरची मुलगी म्हणाली.

धाकटा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. आठवडाभर त्याने याच फोनची चातकासारखी वाट पाहिली होती. आईच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला, त्याने नवा बसवून आणला, आणि तेव्हापासून आईचा आवाज बंद होता. घशाच्या ऑपरेशननंतर ती बोलायची ती त्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅममधूनच. मोठाल्या बटणांवर एका बोटाने अक्षरं दाबायची, की स्पीकरमधून आवाज यायचा, तोही तिचाच. ऑपरेशनच्या आधी तिने तो वाक्यं वाचून वाचून भरून ठेवला होता. बोर्ड बदलला आणि प्रोग्रॅमने ओळख दाखवायलाच नकार दिला. लायसन दुसऱ्या मशीनवर वापरात आहे, हे एकच पालुपद. त्या प्रोग्रॅमशिवाय ती बटणं म्हणजे नुसती फळी, आणि पेन तर आईच्या वाकड्या झालेल्या बोटांत ठरतच नव्हतं.

"तुमच्या लायसनवर दोनच मशीन चालतात," मुलगी समजावून सांगत होती. "एक तुमचा जुना, बंद पडलेला लॅपटॉप आणि एक तो जळलेला बोर्ड. त्या बोर्डाने अजून जागा अडवून ठेवलीये. तो मी इथून काढून टाकते, तुम्ही नव्यावर फक्त ॲक्टिव्हेट दाबा."

बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला. "तिथे चोवीस तास नर्स असते, आई. मागे बाग आहे. तुझ्या वयाच्या कितीतरी बायका आहेत."

ताई आणि भाऊजी सकाळीच आले होते, वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचे फोटो घेऊन. ते येणार हे ठरलं तेव्हा धाकट्याने आईच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तू काही काळजी करू नकोस. तुला तिथे जायचं नाही ना? मी आहे ना, मी बोलतो त्यांच्याशी." सांगताना तो खोटं बोलत नव्हता. पण तो थकलाही होता. आईच्या गळ्यातली नळी साफ करायला रात्रीतून कितीदा तरी उठावं लागायचं. थकलो असं म्हणायची त्याला लाज वाटायची.

"सर? करू ना?"

"आत्ता नको," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी बघू."

पलीकडे मुलीचा कीबोर्ड वाजला. "मी इथून मोकळं केलंय, सर. तुम्ही केव्हाही बटण दाबा."

तो बाहेर आला. आईने भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली रे ती?" ताईने विचारलं.

"बघते म्हणाली."

जीभ जराही अडखळली नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. आईने मान हलवली आणि काळ्या स्क्रीनकडे एकदा बघून घेतलं.

भाऊजींनी फोटो पुढे सरकवले. खोली, खिडकी, भिंतीला धरून चालायचे कठडे. ताई मनाची वाईट नव्हती. ती आईजवळ सरकून बसली, तिचा हात हातात घेतला. "तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. चालेल का तुला? काहीतरी सांग ना गं."

आईने हात सोडवून घेतला. बोट उचललं आणि धाकट्याकडे दाखवलं.

"तुला विचारायला सांगतेय," ताई म्हणाली. "बोल बाबा."

धाकट्याने टेबलावरचा पेला उचलला. पाणी प्यायला. पेला रिकामा झाला तरी ओठांना लावून ठेवला. खिशातल्या फोनचा त्याला भार वाटत होता.

भाऊजी खाकरले. "मौन म्हणजे होकारच म्हणायचा मग," ते अवघडून हसले.

आईचं बोट बराच वेळ तसंच होतं. मग हात मांडीवर उतरला.

ताईने डोळे पुसले, संस्थेत फोन लावला, आणि पुढच्या महिन्यापासूनची खोली पक्की झाली. निघताना तिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी किती करशील एकटा," ती म्हणाली. तो फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेला आणि गाडी वळणाआड गेल्यावरही तिथेच घुटमळत राहिला.

आत येऊन त्याने कॉम्प्युटर लावला. ॲक्टिव्हेट दाबलं. मिनिटही लागलं नाही. टुंग करून प्रोग्रॅम उघडला.

"आई, झालं बघ सुरू," तो उगाच मोठ्याने म्हणाला. "त्यांचा फोन आला होता परत."

आई खुर्ची ओढून बसली. बटणांकडे नुसती बघत राहिली. तो तिच्या मागे उभा होता. ती रागावली, रडली, काहीही केलं तरी चाललं असतं त्याला. शेवटी तिचं बोट हलायला लागलं. एक अक्षर, मग दुसरं.

आवाज भरताना रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी तिला हसऱ्या चेहऱ्याने वाचायला लावलं होतं. त्यामुळे आई काहीही बोलली तरी ते लाडातच यायचं, आत्ताही तसंच आलं.

"माझं मशीन बंद होतं," आवाज म्हणाला.

पुन्हा बटणं वाजली.

"तुला काय झालं होतं?"

आईने हात बाजूला घेतले, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि थांबली. तिला काही घाई नव्हती.