चांद्याला आवतन

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा तुपाने शेकताना उकंडा सवयीने बोलून गेला, “पाखऱ्या, चांद्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” चांद्या तर माघातच मेला होता. पाखऱ्याच्या डावीकडची जागा रिकामी होती. उकंडा मनाशीच हसला.

सकाळी त्याने फडक्याने पाखऱ्याच्या अंगभर गेरू चोपडला. बैलाला खाज सुटली. गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीला तो घसाघसा अंग घासू लागला, आणि भिंतीवर शिंगं, वशिंड, शेपटीसकट अख्खा बैल उमटला.

“मैना वं, पाह्य! आपला पाखऱ्या चितारी झाला!”

बायको पुरणाच्या हातांनी धावत आली. पोट धरून हसली आणि हसता हसता थांबली. “अवो, पण यानं दोन बैल कायले काढले?”

भिंतीवरच्या पाखऱ्याच्या डाव्या अंगाला खरंच दुसरा बैल होता, एका जुवाखाली चालावा तसा. त्याच्या पुठ्ठ्यावर पंजा होता, तीन बोटांचा. कडबा तोडताना उकंडाची दोन बोटं गेली होती; दर पोळ्याला हाच पंजा तो चांद्यावर उठवायचा. आज तर त्याचा हात गेरूत बुडालाच नव्हता.

उकंडाचे डोळे आनंदाने भरून आले. “मैना, निवदाचे ताटं दोन वाढ! आला माहा चांद्या!”

त्याने त्या पंजावर आपला पंजा ठेवला. बोटाला बोट जुळलं. भिंत कोमट होती, आणि त्याच्या तळव्याखाली संथपणे वर-खाली होत होती.