कोणाला कळवायचं

“आणि दात किती असतात त्याला?” तिने विचारलं.

नवऱ्याने नकाशावरून मान वर केली नाही. “मोजायला गेलेला परत आला की सांगतो.”

तिला हसू आलं नाही. जेवणाच्या टेबलावर त्याने सगळा पसारा मांडला होता. विमानाची तिकिटं, पासपोर्ट, परदेशातल्या त्या किनाऱ्याचा नकाशा आणि तिथल्या प्रशिक्षण केंद्राचा अर्ज. एकोणपन्नासाव्या वर्षी या माणसाला विंडसर्फिंगचं खूळ लागलं होतं. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. सहा महिने गावाबाहेरच्या तलावावर चाललं होतं, तोवर तिने काळजावर दगड ठेवला. तिथे पडला तरी कमरेएवढं पाणी. आता स्वारी समुद्रावर निघाली होती, आणि त्या समुद्रात शार्क होते.

होते म्हणजे, असतील. नाहीतच असं छातीठोक कोण सांगणार?

ती दप्तरं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. बावीस वर्षं एकच काम. शिवण ओढून बघायची, चेन दहा वेळा उघडायची-लावायची, कुठे उसवणार ते आधीच ओळखायचं आणि लाल चिठ्ठी लावायची. घरातही नजर तीच. गॅस बंद केलाय ना, हे ती तीनदा बघायची. नवऱ्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिच्या डोळ्यांपुढे थेट अपघातच उभा राहायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय उगीच? गेले आठ दिवस तर चेन उघडली की तिला तो जबडाच दिसत होता. काल तिने धडधाकट दप्तर नापास केलं आणि उसवलेलं पास केलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“मी विचारलंय तिथे,” नवरा म्हणाला. “बत्तीस वर्षांत एकालाही शार्क चावलेला नाही.”

“म्हणजे बत्तीस वर्षांचा उपाशी आहे मेला!”

समोर बसलेली नणंद खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. ही त्याची धाकटी बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी घरात सगळ्यांची चिमीच. “वहिनी, भित्यापाठी ब्रह्मराक्षस गं!”

“तुला काय जातंय हसायला? नवरा माझा आहे.” तिला खरंच भीती वाटत होती. हा माणूस गेला तर आपण उरणार कशासाठी, हे तिला कळत नव्हतं. “अहो, नका ना जाऊ. पुढच्या वर्षी बघू.”

“आत्ता नाही तर कधी जाऊ?” तो म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. हट्टाला पेटलाय, असं तिला वाटलं. तो उठला आणि माळ्यावरची बॅग काढायला आतल्या खोलीत गेला.

तिने अर्ज पुढे ओढला. निदान तो तरी तपासू. दप्तर तपासावं तशी ती एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली. नाव बरोबर. वय बरोबर. रक्तगट बरोबर. पोहता येतं का? होय. आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवावे?

तिथे चिमीचं नाव होतं. फोन नंबरही चिमीचाच.

“हे काय गं? बायको जिवंत आहे की अजून!”

चिमीचं हसू मावळलं. “रागावू नकोस वहिनी. नुसता पाय मुरगळला म्हणून तिथून फोन आला, तरी तू इथे आडवी होशील. म्हणून आपलं माझं नाव. मी तुला बेताबेताने सांगितलं असतं.”

तिला राग आला. पण चिमी म्हणत होती ते खोटं नव्हतं. आपल्याला सगळं बेताबेताने सांगतात. आपल्या भीतीने आपल्याला घरातच पाहुणी करून ठेवलंय, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. तिला लाज वाटली. तिने पेन उचललं, चिमीच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. फोन नंबरही खोडून स्वतःचा घातला.

“जाऊ दे त्यांना,” ती म्हणाली. “मी अडवणार नाही. पण लपवाछपवी आता पुरे. बरं असो, वाईट असो, आधी मला कळलं पाहिजे. मला झेपतं.”

चिमीने तिचा हात घट्ट धरला. चिमीचे डोळे भरून आले होते.

“सुटले बाई! म्हणजे दादाने सांगितलं तुला शेवटी. वर्षभर पोटात ठेवून मी अर्धी झाले होते गं. ऑपरेशनच्या कागदावरही त्याने माझंच नाव घातलं होतं. तुला कामासाठी बाहेरगावी जातो म्हणून सांगितलं ना त्याने, ते चार दिवस एकटी बसले होते मी त्या दवाखान्यात. आणि डॉक्टरांनी त्याच्या आयुष्याची मुदत सांगितली, तीही मी एकटीनेच ऐकली.”

बॅग घेऊन आलेला नवरा दारातच थांबला.

“कसलं ऑपरेशन?” तिने विचारलं.