भिंतीतला पंजा

अमेरिकेतल्या टुसॉन शहराच्या जुन्या वस्तीतली पर्यटकांची पायी फेरी दर शनिवारी एका मातीच्या घराच्या अंगणात थांबते. आता तिथे कॉफीचं दुकान आहे.

"हा भिंतीतला पंजा बघा," वाट दाखवणारी मारिसेला सांगते. "ज्या गड्यानं घर बांधलं, त्याची ही खूण. हात टेकवून मनातलं मागा, मिळतं!"

सगळे हसतखिदळत रांग लावतात. म्हातारा एलेउतेरियो तेवढा मागे उभा राहतो. हे घर एकेकाळी त्याचंच होतं. ओल्या लिंपणावर पंजा उमटवला होता तो त्याच्या सहा वर्षांच्या लेकीनं, नीवेसनं, आणि त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. पुढे घर विकेपर्यंत दर वर्षी पावसाआधी भिंत लिंपताना तो तेवढा पंजा सोडून माती चढवायचा.

"आजोबा, दर शनिवारी येता आणि नुसते बघत बसता!" मारिसेलानं आज त्याला छेडलंच. "एवढे काय आढेवेढे घेता? मागून तरी बघा."

"माझं मागणं तुझ्या भिंतीला झेपायचं नाही, पोरी."

"लावा हो हात! भिंत काय चावते का?"

सगळे बघायला लागले, तसा तो पुढे झाला. त्यानं हात टेकवला. पाचही बोटं अलगद आत बसली, आणि त्याला तो हात काढवेना.

इतक्या वर्षांच्या अनोळखी हातांनी झिजून झिजून नीवेसचा पंजा बापाच्या हाताएवढा झाला होता.