धुऱ्याकडच्या चार ओळी

अमृतरावाने हिरवं बोंड नखाने उकललं आणि आतली लठ्ठ अळी उत्तमरावाच्या नाकासमोर धरली.

"पाह्य. तुह्या पंपावर पहारा बसला, अन् आली अळी."

धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला उभा असलेला उत्तमराव त्याचा चुलतभाऊ. त्याच्या कपाळावरची खोक अजून भरली नव्हती. ती अमृतरावाच्याच हातची.

त्या साली वांकिडीच्या शिवारात कंपनीने कपाशीचं नवं बी फक्त अमृतरावाच्या वावरातल्या एका तुकड्यात लावून पाहिलं होतं. झाडातच विष, अळीने खाल्लं की ती मेली. धुऱ्याकडच्या चार ओळी मात्र साध्या सरकीच्या ठेवायच्या, त्यांवर फवारायचं नाही, अळीला खुशाल खाऊ द्यायचं. साध्या अळ्या जगल्याच नाहीत, तर विष पचवणाऱ्याच तेवढ्या उरतील आणि त्यांचीच पिलावळ वाढेल, असं कंपनीच्या साहेबाने समजावलं होतं. अमृतरावाने त्यातलं एवढंच घेतलं, की चार ओळींत अळी दिसली पाहिजे.

आणि नेमकी तीच दिसेना. मागच्या खेपेला साहेब भडकला. फवारलंस ना, म्हणाला, मग पुढचं बी दुसऱ्याला देतो. पुढच्या साली सगळ्या वावरात हेच लावणार, असं अमृतराव गावभर सांगून बसला होता. आपण तर फवारलं नाही. मग पंप पाठीवर घेऊन धुऱ्यावरून फिरतो कोण?

"तुह्या ओळीत मी काऊन औषध घालू? मलेच पुरून नाही राह्यलं," उत्तमराव परोपरीने सांगत होता. चोराच्या उलट्या बोंबा, म्हणत अमृतरावाने बैलबंडीची उभारी उपसली आणि त्याच्या कपाळात घातली. तेव्हापासून दोन घरांतून विस्तव जात नव्हता. अमृतरावाने खाटही धुऱ्यावरच आणून टाकली होती.

आणि आज, इतक्या उशिरा का होईना, चार ओळींत अळ्या निघाल्या. मधली पऱ्हाटी अजून स्वच्छ होती. साहेब खूष झाला. "बहुत अच्छा. अगले साल पूरे खेत का बीज तुम्हारा," असं म्हणून तो आत्ताच जीपमधून गेला होता.

उत्तमराव पंप उचलून चालता झाला. अमृतरावाने बोंड धुऱ्यावर फेकलं आणि मिशीत हसत भाकरीला बसला.

त्याची बायको गयाबाई तांब्या हातात धरून उभीच होती.

"त्यायचं कपाळ फुटलं, तवाच बोलाले पाह्यजे होतं. भेली मी."

"काय बोलाले पाह्यजे होतं?"

"चार ओळीत साधी सरकी लावलीच नाही म्या. आपलं पीक आपल्या हातानं किड्याच्या तोंडी कोन देते? सरकी म्हशीले चारली. तिथंई नवंच बी टोबलं."

अमृतरावाने धुऱ्यावरच्या बोंडाकडे पाहिलं. अळी अजून खात होती.