आकृतीत दाखवलेला भाग

"इमेज," पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली बाई म्हणाली आणि गप्प झाली.

आकृतीत दाखवलेला भाग कोणता, हा प्रश्न तिनं व्यवस्थित वाचला होता. पण आकृती आली की तिची गाडी त्या एका शब्दावर अडायची. मग पुढचं काम अश्विनीचं.

अश्विनी भिंतीला पाठ टेकून बसली होती. दिवसभर टोमॅटोचा तोडा चालला होता. क्रेट भरून झाल्यावर तिचा नवरा अमृत माल घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला होता. तिच्या कंबरेत कळ भरली होती, आणि दोनदा साबण लावूनही बोटांवरचा हिरवा-काळा थर निघाला नव्हता. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला.

"आई, काय दिसतंय?" आरोहीनं विचारलं.

आरोही तिची एकुलती एक मुलगी. चौथीत असताना पोरीची नजर अधू व्हायला लागली, आणि आता दहावीत तिला खिडकी कुठं आहे एवढंच कळायचं. पुढं सायन्सच घ्यायचं असं तिनं ठरवून टाकलं होतं. शाळेतल्या सरांनी सरावाचे प्रश्न फोनवर लावून दिले, तेव्हा आकृतीचे सोडलेस तरी चालतील, असंही सांगितलं होतं. "अकरावीत कोण सोडू देणारे मला?" असं म्हणून आरोही एकही सोडत नव्हती.

"कसलं तरी चाक हाय," अश्विनी म्हणाली. "त्याला रेघा वढल्यात. एका जागी बाण दाखवलाय."

"चाकाचा प्रश्न नसेल हा. नीट बघ ना."

"आरू, आज ऱ्हाऊ दे की. डोळं मिटाया लागलं माझं."

आरोही काही बोलली नाही. मघाशी एका त्रिकोणात काटकोन कुठल्या टोकाला आहे ते अश्विनीनं चुकीचं सांगितलं, पोरीचं उत्तर चुकलं, तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती. ती भांडली असती तर अश्विनीला सोपं गेलं असतं. तिनं बोटांनी आकृती मोठी केली आणि वरची बारीक अक्षरं वाचली.

"मानवी डोळा."

आरोही सरसावून बसली.

"सांग मग," ती म्हणाली. "पुढून सुरू कर. काचेसारखा फुगीर भाग आहे का?"

"हाय."

"ते पारपटल. त्याच्यामागं?"

"पडदा हाय. मधी भोक सोडलंय."

"पडदा म्हणजे बुबुळ. भोक म्हणजे बाहुली. पुढं?"

"मसुराच्या दाण्यावाणी कायतरी."

"ते भिंग."

अश्विनी एकेक सांगत गेली आणि पोर एकेकाचं नाव घेत गेली. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक इंग्रजी नाव सांगितलं होतं. अश्विनीनं तेव्हा मान हलवली होती, पण ते नाव तिच्या तोंडात कधी बसलं नाही. अमृतनं सगळे कागद ट्रंकेत ठेवून दिले होते.

"ह्यात तुजं कुठं बिघडलंय?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हे आपण कुणालाच विचारलं नव्हतं, हे तिला विचारून झाल्यावर उमगलं.

"पार मागं जा. पातेल्याला आतून साय चिकटते ना, तसा पातळ थर दाखवला असेल."

"बाण तितंच दाखवलाय."

"मग उत्तर तेच. दृष्टिपटल." आरोहीचा आवाज जराही बदलला नाही. "माझं ते झिजत गेलं."

अश्विनीनं अंगठा काचेवर ठेवला आणि हळूहळू सरकवत नेला. फुगीर भाग, भोक, मसूर, मग नुसतीच मोकळी जागा, आणि पार शेवटी ती रेघ.

"मंग थेंब?" तिनं विचारलं. मंचरकडच्या एका माणसाकडून आणलेले झाडपाल्याचे थेंब ती रोज जेवणाआधी पोरीच्या डोळ्यांत घालायची. एक बाटली संपली की दुसरी यायची. "त्ये जात असतील ना मागपातुर?"

"नाही. ते पुढंच राहतात. पाण्याबरोबर वाहून जातात."

"तुला कवापासनं ठाव हाय?"

"सरांनी हा धडा शिकवला तेव्हापासून."

"आन् बोलली न्हाईस? झोंबतंय म्हणायचीस की."

आरोहीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"थेंब घातल्याशिवाय तुला झोप लागत नाही, आई."

अश्विनीच्या अंगात रडायलाही काही उरलं नव्हतं. तिनं पर्याय शोधला आणि त्यावर बोट टेकवलं. "बरोबर उत्तर," फोनमधली बाई म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचायला लागली. अश्विनीनं फोन पालथा घातला.

चुलीवर आमटी तापत ठेवायला ती उठली आणि परत येऊन बसली. तिची चाहूल लागताच आरोही सवयीनं तिच्या मांडीवर आडवी झाली, मान मागं टाकली आणि डोळे उघडे ठेवून थांबली. अश्विनीचा हात फळीवरच्या बाटलीकडं गेला आणि मध्येच थांबला.

मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि पोरीचे दोन्ही डोळे हलक्या हातानं पुसले. ते कोरडेच होते.